नऊ मॅच जिंकणाऱ्या कोचला काढणं वेडेपणा होता का? नेब्रास्काच्या सात कोचना बघितलेल्या माणसाचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे: विचारणारे सहा महिन्यांपूर्वी नोकरीसाठी अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात ओमाहाला आलेत, ऑफिसात सोमवारी सकाळी कॉलेज फुटबॉल (अमेरिकन फुटबॉल, बॉल हातात घेऊन पळायचा किंवा फेकायचा तो) सोडून कोणी काही बोलत नाही, आणि जेवायच्या सुट्टीत हमखास एकच वाद. नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या टीमचे हेड कोच, २००३ मध्ये फ्रँक सोलिचला काढलं ते चुकलं का आणि २०१४ मध्ये बो पेलिनीला काढलं ते चुकलं का. दोघांनीही त्या त्या वर्षी नऊ मॅच जिंकल्या होत्या. मग हा वेडेपणाच नाही का, आणि आत्ताचा कोच बरा आहे की नाही हे नवख्या माणसाने ओळखायचं कसं?

आधी माझी ओळख, म्हणजे माझं किती ऐकायचं ते तुम्हीच ठरवा. मी १९९६ मध्ये एमएस करायला लिंकनला, म्हणजे ही युनिव्हर्सिटी आहे त्या शहरात आलो, फुटबॉल म्हणजे पायाने खेळतात तो एवढंच माहीत होतं. पहिल्या आठवड्यात घरमालकांनी विचारलं, स्टुडंट तिकीट काढलंस का? मी म्हटलं कशाचं? त्यांचा चेहरा असा झाला की जणू पंढरपुरात राहून मी देऊळ कुठे आहे विचारलं. तेव्हापासून मी इथेच आहे, आधी लिंकन मग ओमाहा, आणि हंगामी कोच सोडले तर सात हेड कोच बघितले. मी स्वतः कधी हा खेळ खेळलो नाही. पण पंचवीसेक वर्षं दर शनिवारी एकच गोष्ट बघितली की थोडंफार कळायला लागतं, आणि मुख्य म्हणजे मी स्वतः किती वेळा चुकलो ते लक्षात राहतं.

आता मुद्दा. ‘काढलं ते चूक की बरोबर’ हा प्रश्न माझ्या मते अर्धाच आहे. कोचला काढणं हा निर्णय एकटा कधीच येत नाही, त्याला जोडून दुसरा येतो, की आणायचं कोणाला. आणि नेब्रास्काची खरी गोची त्या दुसऱ्या निर्णयात झाली. कसं असतं बघा, आधीच्या भाड्याच्या घरात पाणी यायचं नाही म्हणून माणूस नवीन घर बघायला जातो आणि फक्त नळ सोडून बघतो. नळाला धो धो पाणी, खूश होऊन डिपॉझिट देऊन येतो. छत गळतंय ते पावसाळ्यात कळतं. मग पुढच्या घरात नुसतं छत बघतो. इथे वीस वर्षं हेच चाललं.

नवीन लोकांना आधीचं माहीत नसतं म्हणून सांगतो. १९६२ मध्ये बॉब डेव्हेनी आला, १९७० आणि १९७१ अशी लागोपाठ दोन नॅशनल चॅम्पियनशिप जिंकली, मग आपल्याच असिस्टंटच्या, टॉम ऑस्बर्नच्या हातात टीम दिली. ऑस्बर्न १९७३ ते १९९७, पंचवीस वर्षं. एकाही वर्षी नऊपेक्षा कमी मॅच जिंकल्या नाहीत. २५५ विजय, ४९ पराभव, ३ बरोबरीत. १९६२ च्या नोव्हेंबरपासून लिंकनच्या मेमोरियल स्टेडियमचं तिकीट दरवेळी संपलेलं आहे, ती परंपरा अजून चालू आहे. राज्यात दुसरी मोठी टीम नाही, प्रोफेशनल टीमही नाही, त्यामुळे मॅचच्या दिवशी स्टेडियम हे ओमाहा आणि लिंकननंतरचं राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं असं म्हणतात, ते खरंच आहे.

पण लोक एक गोष्ट सोयीस्करपणे विसरतात. ऑस्बर्न पहिल्या पाच वर्षांत ओक्लाहोमाला एकदाही हरवू शकला नव्हता. १९७८ मध्ये पहिल्यांदा जिंकला आणि त्याच वर्षाच्या शेवटी तो कोलोरॅडोला जायच्या विचारात होता. १९८४ च्या ऑरेंज बोलमध्ये मायामीविरुद्ध शेवटी एक पॉइंट घेऊन बरोबरी केली असती तरी चॅम्पियनशिप मिळण्यासारखी होती, त्याने दोनसाठी प्रयत्न केला आणि ३१-३० हरला. १९८७ च्या सीझनपासून १९९३ पर्यंत बोल म्हणजे सीझन संपल्यावरची मानाची मॅच सलग सात वेळा हरला. माझे घरमालक सांगायचे की तेव्हा पण ‘याला मोठी मॅच जिंकता येत नाही’ असं उघड बोललं जायचं. पहिली चॅम्पियनशिप मिळाली १९९४ मध्ये, बाविसाव्या वर्षी. मग १९९५, मग १९९७ ची मिशिगनबरोबर वाटून. आज कोण बावीस वर्षं थांबेल? बावीस महिने थांबत नाहीत.

सोलिच हा ऑस्बर्नने स्वतः निवडलेला. डेव्हेनीच्या हाताखाली खेळलेला, मग वर्षानुवर्षं इथेच असिस्टंट. १९९९ मध्ये १२-१ (म्हणजे बारा विजय, एक पराभव), २००१ मध्ये चॅम्पियनशिपच्या मॅचपर्यंत टीम गेली आणि एरिक क्राउचला हाइझमन, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कार मिळाला. पण त्याच २००१ मध्ये कोलोरॅडोने ६२-३६ धुतलं आणि फायनलमध्ये मायामीने ३७-१४. २००२ ला ७-७. तेव्हा मी पण म्हणत होतो की ही पळत पळत बॉल न्यायची ऑप्शन पद्धत आता जुनी झाली. २००३ ला त्याने सुधारलं, असिस्टंट बदलले, बो पेलिनीला डिफेन्ससाठी आणलं, ९-३ झाले, आणि नोव्हेंबरमध्ये अ‍ॅथलेटिक डायरेक्टर (युनिव्हर्सिटीच्या खेळ विभागाचा प्रमुख) स्टीव्ह पेडरसनने त्याला काढला. एकूण हिशोब ५८-१९.

हे चूक होतं का? माझ्या मते हो, आणि फक्त नऊ मॅचमुळे नाही. माणूस खड्ड्यात पडल्यावर स्वतः बाहेर यायला लागला होता. कोच घसरला की मी बघतो तो स्वतःच्या माणसांना बदलतो का, कारण ते सगळ्यात अवघड असतं, दहा-वीस वर्षांचे मित्र असतात ते. सोलिचने ते केलं होतं. त्याचं फळ दिसायला लागलं त्याच वर्षी त्याला घालवला. वर तेव्हा हाताशी दुसरा कोणी ठरलेला नव्हता, चाळीसेक दिवस शोधाशोध चालली आणि मग बिल कॅलहन आला.

कॅलहन म्हणजे नुसता नळ बघून घेतलेलं घर. प्रोफेशनल फुटबॉलमधून आलेला, ओकलंड रेडर्सला सुपर बोलला, म्हणजे प्रोफेशनलच्या फायनलला नेलेला, पासिंगच्या डावपेचांचं मोठं जाडजूड प्लेबुक. इथली पळणारी टीम रातोरात फेकणारी करायची होती. हाताशी पळणारी पोरं होती, फेकणारा कोण? पहिल्याच वर्षी ५-६, टेक्सस टेकने ७०-१० मारलं, १९६१ नंतर पहिल्यांदा हरण्याचं प्रमाण जास्त, सलग पस्तीस वर्षं बोलमध्ये जायची परंपरा तुटली. आपल्याकडे ग्रेग चॅपेलच्या वेळी ड्रेसिंग रूमचं जे झालं ते ज्यांना आठवतंय त्यांना वेगळं सांगायला नको, माणूस हुशार होता पण घर कोणाचं आहे हे न विचारता भिंती पाडायला लागला. त्यात वॉक-ऑन मुलांचा प्रश्न. वॉक-ऑन म्हणजे स्कॉलरशिपशिवाय स्वतःच्या खर्चाने टीममध्ये येणारी मुलं, बहुतेक इथल्याच छोट्या गावांतली, शेतकऱ्यांची. नेब्रास्काची ताकद ती होती, त्यातूनच लाइन, म्हणजे पुढे भिडणारी फळी तयार व्हायची. कॅलहनच्या काळात त्यांच्याकडे लक्ष कमी झालं असं गावागावात बोललं जायचं. २००७ ला कॅन्ससविरुद्ध ७६-३९ हरलो. कॅन्सस, बरं का! त्याआधीच ऑक्टोबरमध्ये पेडरसनला काढून ऑस्बर्नलाच अ‍ॅथलेटिक डायरेक्टर करून आणलं होतं. कॅलहन २७-२२ वर गेला.

मग पेलिनी. आता बघितलं छत. डिफेन्स पाहिजे, आग पाहिजे, खेळाडूंसाठी जीव टाकणारा पाहिजे. सगळं मिळालं. एन्डामुकन्ग सूसारखा खेळाडू २००९ मध्ये, बिग ट्वेल्व्हच्या, म्हणजे तेव्हाच्या आमच्या लीगच्या फायनलमध्ये टेक्सससारखी टीम १३-१२ अशी कशीबशी सुटली, ती पण घड्याळात एक सेकंद परत टाकल्यावर. त्या सेकंदाबद्दल इथे कोणाशी वाद घालू नका, नोकरीत अडचण येईल. पेलिनीचा हिशोब जगात भारी आहे: सातही वर्षं नऊ किंवा दहा विजय आणि पहिली सहा वर्षं बरोब्बर चार-चार पराभव, सातव्या वर्षी तीनवर असतानाच काढला. एखादा मुलगा दर परीक्षेत ७२ टक्केच आणतो तसं.

आणि इथे माझी कबुली. २०१४ मध्ये याला काढा म्हणणाऱ्यांत मी होतो. बायको म्हणाली, तुला नऊ पुरत नाहीत? माझं म्हणणं होतं की किती हरतो हा प्रश्न नाही, कसा हरतो ते बघ. २०१२ ला बिग टेनच्या, म्हणजे नव्या लीगच्या फायनलमध्ये विस्कॉन्सिनकडून ७०-३१. २०१४ ला परत विस्कॉन्सिन, ५९-२४, मेल्विन गॉर्डन एकटा ४०८ यार्ड पळाला, ते पण तीन क्वार्टरमध्येच. मोठ्या मॅचला टीम मैदानातच विरघळायची, कडेला कोच लाल होऊन रेफ्रीवर ओरडायचा. त्यात २०१३ मध्ये त्याची एक जुनी रेकॉर्डिंग बाहेर आली, ज्यात तो आपल्याच फॅन्सना शिव्या देत होता. सत्तर हजारांवर लोक जिथे तिकीट काढून येतात तिथे ते जिव्हारी लागतं.

मग आज माझं मत काय? पेलिनीला काढायचं कारण सोलिचपेक्षा जास्त पक्कं होतं. सात वर्षं तोच आजार, तेच औषध, बदल नाही. पण काढून आणलं कोणाला? माइक रायली. का? कारण तो शांत, सभ्य, कोणावर न ओरडणारा. म्हणजे पेलिनीत जे खटकलं नेमकं त्याच्या उलटं. परत नळ! ओरेगन स्टेटला त्याने अनेक वर्षं बरं काम केलं होतं, माणूस खरंच सज्जन, पण सज्जनपणावर ओहायो स्टेटसारखी तगडी टीम थांबत नाही, २०१६ ला ६२-३ हरलो. त्या सीझनला ९-४ झाले तरी, २०१७ ला ४-८. तीन वर्षांत १९-१९. गंमत म्हणजे रायलीला आणणारा डायरेक्टर शॉन आयकर्स्ट त्याच्या आधी गेला, नॉर्दर्न इलिनॉयकडून घरी २१-१७ हरल्यावर त्या सप्टेंबरमध्येच.

स्कॉट फ्रॉस्टबद्दल मला जरा सावकाश लिहायला पाहिजे, कारण दुखतं अजून. १९९७ च्या चॅम्पियनशिप टीमचा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा, खेळ चालवणारा खेळाडू, वुड रिव्हरचा, म्हणजे आपल्याच राज्यातला पोरगा. त्या वर्षी मिझुरीविरुद्धची ती मॅच, शेवटच्या क्षणी त्याचा पास खेळाडूच्या पायाला लागून उडाला आणि दुसऱ्याने झेलला, ओव्हरटाइममध्ये ४५-३८ जिंकलो. मी ती मॅच चार देशी मित्रांबरोबर टीव्हीवर बघितली, खालच्या मजल्यावरचा माणूस तक्रार करायला वर आला आणि त्यानेच आम्हाला मिठ्या मारल्या. तोच फ्रॉस्ट वीस वर्षांनी कोच म्हणून फ्लोरिडातल्या यूसीएफची टीम १३-० नेऊन परत घरी आला. विमानतळापासून लोक वेडे झाले होते. मी बायकोला म्हटलं, आता बघ.

२०१८ पासून वर्षागणिक ४-८, ५-७, ३-५, ३-९, मग १-२ वर काढला. एकूण १६-३१. आणि यात शिकण्यासारखं सगळ्यात जास्त आहे. त्याची टीम वाईट नव्हती! २०२१ ला नऊ मॅच हरले, नऊच्या नऊ दहापेक्षा कमी पॉइंट्सने. आयोवाविरुद्ध २१-६ पुढे होते, पंट (पायाने लांब मारलेला बॉल) अडवला गेला, २८-२१ हरले. एका स्कोअरच्या, म्हणजे आठ किंवा कमी पॉइंट्सच्या फरकाच्या मॅचमध्ये त्याचा एकूण हिशोब ५-२२ असा आहे. आमच्यातले बरेच जण म्हणायचे, नशीब फिरलं की हे सगळे विजय होतील. मी पण दोन वर्षं म्हटलं. आपल्याकडे पण असतं ना, शेवटच्या ओव्हरला हरलो, थोडक्यात गेली. एखाद-दोन वेळा थोडक्यात जाते ते नशीब. सत्तावीसपैकी बावीस वेळा जाते तेव्हा ती सवय असते, आणि सवय लावणं न लावणं हे कोचचं काम. २०२२ ला डब्लिनमध्ये नॉर्थवेस्टर्नविरुद्ध २८-१७ पुढे असताना त्याने ऑनसाइड किक मारली, म्हणजे बॉल लांब न मारता जवळच मारून आपणच परत मिळवायचा जुगार, तो फसला, आणि ३१-२८ हरला. तिथे माझं मन उठलं. दोन आठवड्यांनी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर ४५-४२. दुसऱ्या दिवशी गेला. १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर त्याला द्यायची दीड कोटी डॉलरची रक्कम निम्मी झाली असती, तरी थांबले नाहीत, यावरून लोकांची अवस्था समजा.

आता तुमचा दुसरा भाग, कोच बरा आहे हे ओळखायचं कसं. हे परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. चांगली भरलेली टीम हातात आलेला कोच आणि रिकामं घर मिळालेला कोच यांना एक फूटपट्टी लावून चालत नाही. काळही बदललाय. १९९६ ला बिग ट्वेल्व्ह झालं तेव्हा मार्कांत थोडी कमी पडणारी मुलं घेण्यावर बंधनं आली, ती नेब्रास्काला झोंबली. २०११ ला बिग टेनमध्ये गेलो, त्यामुळे टेक्ससमध्ये दरवर्षी खेळणं बंद झालं आणि तिथली मुलं मिळणं अवघड झालं. ऑस्बर्न आज कोच असता तरी नऊ-नऊ जिंकला असता का, मला शंका आहे. आणि आता मुलांना पैसे मिळतात, ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीतून, कोणीही कुठेही जातं, म्हणजे चार वर्षं मुलगा घडवायचा ही कल्पनाच हलली.

तरी मी स्वतः काय बघतो ते सांगतो. पहिल्या वर्षी जिंकले किती ते मी बघतच नाही, ती पोरं आधीच्याची असतात. मी लाइन बघतो, म्हणजे पुढे एकमेकांना भिडणारी ती जाडजूड पोरं, चौथ्या क्वार्टरमध्ये त्यांचे हात कमरेवर जातात का. बॉल कोणाकडे आहे ते टीव्ही दाखवेलच, तुम्ही लाइनकडे बघा. मग स्पेशल टीम्स, म्हणजे किक, पंट, परतावा. तिथे स्टार नसतात, तिथे आठवडाभर सराव नीट झाला का तेच दिसतं, घराची स्वच्छता बाथरूममध्ये दिसते तसं. फ्रॉस्टच्या वेळी हे पहिल्या वर्षापासून दिसत होतं पण प्रेमापोटी आम्ही डोळे मिटले. तिसरं म्हणजे मी वर सोलिचबद्दल बोललो ते, असिस्टंट बदलायची हिंमत, आणि कधी. फ्रॉस्टने पण २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये चार असिस्टंट काढले, स्वतःचा पगार कमी करून घेतला, पण चौथ्या वर्षी. तोपर्यंत सवय मुरली होती. प्रेस कॉन्फरन्स मी बघत नाही, तिथे सगळेच जिंकतात.

मॅट रूल, आत्ताचा. याला आणताना पहिल्यांदाच नुसत्या आधीच्याच्या उलटं काय ते न बघता पूर्ण घर बघितलं असं मला वाटलं. टेम्पल युनिव्हर्सिटीला पहिल्या वर्षी २-१०, तिसऱ्या वर्षी दहा विजय. बेलर युनिव्हर्सिटीला १-११, मग ७-६, मग ११-३. म्हणजे पडकी घरं बांधणारा माणूस, आणि आमचं घर पडकंच होतं. प्रोफेशनलमध्ये कॅरोलिना पँथर्सला मात्र जमलं नाही, हे पण लक्षात ठेवा. आणताना आठ वर्षांचा करार केला, सात कोटी चाळीस लाख डॉलरचा. २०२३ ला ५-७, शेवटच्या चारही मॅच एका स्कोअरने हरला, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला, परत तेच? २०२४ ला ७-६, बोस्टन कॉलेजला २०-१५ हरवून २०१५ च्या सीझननंतर पहिला बोल विजय. त्याच्या टेम्पल-बेलरच्या वेगाने बघितलं तर इथे गाडी हळू आहे, ते मान्य करायला पाहिजे. पण डिफेन्सची लाइन आणि शिस्त मला आधीपेक्षा बरी दिसते, किकिंग अजून पटत नाही. मी माझ्यापुरतं ठरवलंय की याच्या बाबतीत ‘थोडक्यात गेली’ हा शब्द वापरायचा नाही. मोजायचं फक्त.

तर ऑफिसातल्या वादात तुम्हाला कोणाची बाजू घ्यायचीच असेल तर माझं असं: सोलिचला काढणं चूक, पेलिनीला काढणं समजण्यासारखं, रायलीला आणणं चूक, आणि फ्रॉस्टला आणणं... ते चूक होतं म्हणायला अजून जीभ उचलत नाही. त्या दिवशी परत विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, आणि पूर्ण राज्याने म्हटलं असतं.

एक राहिलं. सोलिच इथून गेल्यावर ओहायो युनिव्हर्सिटीला गेला, मिशिगनच्या बाजूच्या ओहायो राज्यातली लहान टीम, मोठी ओहायो स्टेट नव्हे. तिथे सोळा वर्षं राहिला, ११५ मॅच जिंकला. नेब्रास्काच्या स्टेडियमकडे तो फिरकत नसे. २०२३ च्या एप्रिलमध्ये स्प्रिंग गेमला, म्हणजे सीझनआधीच्या सराव मॅचला, रूलने त्याला सन्मानाने बोलावलं आणि तो आला. आमच्या रांगेत एक गृहस्थ बसतात, वय सत्तरच्या पुढे, २००३ मध्ये रेडिओला फोन लावून लावून याला काढा म्हणणाऱ्यांपैकी, त्यांनीच मला कधीतरी सांगितलेलं. सोलिच मैदानात आला तसे ते उभे राहिले, टोपी काढली, आणि तो परत आत जाईपर्यंत खाली बसलेच नाहीत. तुमच्या ऑफिसात पण असे दोन-तीन असणार. सोमवारी त्यांच्या शेजारी बसा.